धवळारणीचा पंप

आमच्या शहापुरात औषधाच्या दुकानाला मेडिकल म्हणतात आणि दुकानदाराला अर्धा डॉक्टर. हा अर्धा डॉक्टर मी एसटी स्टँडजवळ तीसेक वर्षं होतो. आता दुकान भाची बघते. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे आणि गिऱ्हाइकांवर माझ्याइतकी खेकसत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक वाढलंय. मी सकाळी दोन तास जाऊन बसतो आणि तिच्या कामात लुडबुड करतो. "मामा, तुम्ही पेपर वाचा," असं ती दिवसातून चारदा म्हणते.

या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून गळ घातली गेली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. गोळ्या मोजून देणाऱ्याचे कसले आलेत अनुभव? मग एका पंपाची गोष्ट आठवली. ती सांगतो, कारण त्यात चूक माझी होती, आणि दुसऱ्यांच्या चुका सांगून सांगून आता कंटाळा आलाय.

पंप म्हणजे दम्याचा, तोंडाने ओढायचा. आमच्या तालुक्यात त्याची जेवढी धास्ती आहे तेवढी सापाची नसेल. पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेला, अशी समजूत. लग्नाच्या मुलीला पंप असेल तर आई तो वर्तमानपत्रात गुंडाळून मागते आणि दुकानात दुसरं कोणी आलं की "सर्दीची गोळी द्या" म्हणते.

पंपाचे दोन प्रकार. एक धाप लागल्यावर घ्यायचा, तो लगेच छाती मोकळी करतो. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, धाप लागो न लागो. पहिला म्हणजे आग लागल्यावर ओतलेलं पाणी, दुसरा म्हणजे आग लागू नये म्हणून घराभोवतीचं गवत आधीच कापून ठेवणं. लोकांना पहिला आवडतो, कारण गुण दिसतो. दुसऱ्याने काहीच होत नाही, आणि काही न होणं हाच त्याचा गुण. हे समजावता समजावता माझे केस पिकले.

हा रोजचा पंप स्टेरॉइडचा. नाव ऐकून दचकू नका, औषध अगदी थोडं असतं आणि थेट छातीत जातं. पण छातीच्या वाटेवर घसा लागतो. तिथे थोडं औषध चिकटून राहतं. रोज राहिलं तर टाळ्यावर, घशात पांढरी बुरशी धरते, कोणाचा आवाज बसतो, कोणाचा घोगरा होतो. तुमचा-माझा आवाज बसला तर बायको सुखावते, एवढंच. पण गाणाऱ्या माणसाचं तसं नाही. म्हणून पंप घेऊन झाल्यावर खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं. एवढा साधा नियम.

साधे नियमच माणसं मोडतात, हे मला खर्डीच्या एका निवृत्त गुरुजींनी शिकवलं. त्यांना पुडीच्या औषधाचा पंप दिला होता. त्यात कॅप्सूल एका छोट्या यंत्रात घालायची, ती आत फुटते आणि तिची पूड ओढायची. महिन्याने गुरुजी आले. मी विचारलं, "गुण कसा काय?" म्हणाले, "थोडा आहे, पण कॅप्सूल गिळताना घशात अडकते." एक महिना ते पाण्याबरोबर कॅप्सूल गिळत होते. आणि यंत्र? ते कंपनीची भेट समजून नातवाला खेळायला दिलं होतं. मी तापलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुम्ही गोळ्या दिल्यात, यंत्र दिलंत. यंत्राचं काय करायचं हे सांगितलंत का?" सांगितलं नव्हतं. गर्दी होती.

त्या दिवसापासून मी पंपवाल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायला लागलो. रोज घेता का? दोन वेळा घेता का? चूळ भरता का? तिन्हींना होकार आला की माणूस पास. या तीन प्रश्नांचा मला फार अभिमान होता. आसपासच्या दुकानदारांनाही मी ते ऐकवले होते, त्यांनी विचारलं नसताना.

आता मथुराबाई. किन्हवलीकडच्या एका गावातली ही बाई, साठीच्या आसपासची, अंगाने काटक. ती धवळारीण. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या लग्नांत भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, ते आहेच. पण जुन्या घरांत हळदीपासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंतचं लग्न धवळारीण लावते, आणि ते सगळं गाऊन. देवांना आवतण, हळदीचं दळण, पाट मांडणं, प्रत्येकाची कडवी ठरलेली. पोथी नाही, वही नाही. एक बाई म्हणते आणि मागे बसलेल्या बाया ओढतात. मथुराबाईंना हे धवळे सासूने दिलेले. त्यांचा आवाज खणखणीत, माळावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची.

त्यांना दम्याचा त्रास जुनाच. मुलाने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं तेव्हा पुडीचा पंप सुरू झाला. मी नीट समजावून दिलं, यंत्र उघडून दाखवलं, गुरुजींपासून शहाणा झालो होतो. दोन महिन्यांत बाई दुकानाच्या पायऱ्या न थांबता चढल्या. मी भाचीला म्हटलं, बघ, याला औषध देणं म्हणतात.

पुढे दीडेक वर्षाने, फाल्गुनात, त्या आल्या आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, माजा आवाज गेला."

सांगायची गरज नव्हती. आवाज जाड झाला होता, फाटत होता. वर चढवायला गेल्या की नुसती हवा यायची.

"पंप रोज घेता?"

"घेते."

"दोन वेळा?"

"दोन येळा."

"चूळ भरता?"

"न चुकता भरते."

"पाणी थुंकता ना?"

"मंग काय गिलते?"

पैकीच्या पैकी मार्क. म्हणजे दोष पंपाचा नाही, असा निकाल मी जागच्या जागी दिला आणि त्यांच्या मशेरीवर घसरलो. बाई मशेरी लावायच्या, सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी पाव तास व्याख्यान दिलं. ज्येष्ठमध दिला, चघळायच्या गोळ्या दिल्या. बाईंनी चाळीस वर्षांची मशेरी त्या दिवशी सोडली. तेवढं एक चांगलं झालं म्हणायचं. आवाज मात्र आणखी बसला.

त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही. काउंटरच्या आत उभं राहिलं की बाहेरच्या माणसाचं सगळं आपल्याला कळतं, असं वाटायला लागतं. ही या धंद्यातली खोड आहे आणि ती मला चांगलीच जडली होती.

पंधरा दिवसांनी त्यांची सून लता आली. घर आणि शेती दोन्ही सांभाळणारी, थोडक्यात बोलणारी बाई. "भाऊ, आईंनी पंप बंद केलाय. म्हनतात, यानंच आवाज खाल्ला. नातीचं लगीन होईपोत हात नाय लावायच्या."

नात म्हणजे मुलीची मुलगी, मुरबाडकडची. लग्न वैशाखात. त्या लग्नात धवळे आजीच म्हणणार हे नात पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. मी लताला म्हटलं, बंद करायचा नाही म्हणून सांग, रविवारी मी येतो.

रविवार उजाडायच्या आत राब पेटले. भाताची रोपं जिथे टाकायची तिथे पालापाचोळा, शेणकूट पसरून जाळायचं, ही आमच्याकडची चाल. त्या दिवसांत धूर गावावर बसून राहतो. पंप बंद केलेल्या छातीत तो धूर गेला आणि भर दुपारी मथुराबाईंना अशी धाप लागली की ओठ निळे पडले. मुलाने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात आणलं. वेळेवर पोचल्या म्हणून वाचल्या.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. लता शेजारी. मी आपला धंद्यातला प्रश्न विचारला. पण या वेळी, का कोण जाणे, वेगळ्या तऱ्हेने विचारला. "मावशी, घरी पंप कसा घेत होतात ते जरा करून दाखवा."

त्यांनी लताकडून तांब्या घेतला. खाटेवरून उतरून मोरीवर गेल्या. हात धुतले, तोंड धुतलं. खळखळून चूळ भरली, एकदा नाही, तीनदा. गुळण्या केल्या. पदराला तोंड पुसलं. परत येऊन खाटेवर मांडी घातली, पिशवीतून यंत्र काढून कपाळाला लावलं, कॅप्सूल घातली आणि पूड ओढली. श्वास धरून ठेवला, सोडला. यंत्र पुन्हा कपाळाला लावून पिशवीत ठेवलं आणि हात जोडून बसल्या.

मी वाट बघत राहिलो. "आणि चूळ?"

"भरली ना. तुमच्या म्होरंच भरली."

"ती आधी. नंतरची?"

मथुराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजारी आहे. "भाऊ, तीर्थ घेतल्यावर कोन चूल भरतो?"

ज्या औषधाने गेलेला दम परत दिला ते बाईंनी तीर्थासारखं घेतलं होतं, तोंड पवित्र करून. घेतल्यावर ते धुऊन टाकायचं म्हणजे पाप. दीड वर्ष, दिवसातून दोनदा, औषध घशात जपून ठेवलं होतं तिने. आणि मी दर महिन्याला विचारत होतो, चूळ भरता का? ती खरं तेच सांगत होती. आधी की नंतर, हे मी एकदाही विचारलं नाही.

लता आधी हसली, मग मीही हसलो, मग दवाखान्यातली नर्स येऊन रागावली. पण घरी येताना मला खरोखर लाज वाटत होती. गुरुजींच्या वेळी गर्दीची सबब तरी होती.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना कल्याणला घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं. घशात बुरशी, स्वरतंतू सुजलेले. बुरशीवर औषध दिलं. पुडीचा पंप बदलून फवाऱ्याचा दिला आणि त्याला जोडायला प्लास्टिकचं फुगीर नळकांडं, म्हणजे फवारा घशावर न आपटता हळूहळू छातीत जातो. दमा स्थिरावला की डोस कमी करू म्हणाले. आणि तीन आठवडे मौन. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने घशाला उलट जास्त ताण पडतो. आवाज सुधारेल, पण लग्नापर्यंत पूर्ण येईल असं वचन देत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

त्या तीन आठवड्यांत मथुराबाई पातेल्यावर पळी वाजवून घर चालवत होत्या. एकदा वाजवली की लता, दोनदा वाजवली की मुलगा, सारखी वाजली की कोंबड्या वाळवणात शिरल्यात. लता म्हणायची, "लगीन करून आल्यापासनं येवढी शांती पयल्यांदाच भेटली." पंप झाल्यावर चूळ भरायला मात्र त्यांचं मन घेईना. शेवटी लतानेच तोडगा काढला. म्हणाली, आई, तीर्थ छातीत गेलं, घशात राहिलं ते उष्टं. हे त्यांना पटलं. माझ्या सगळ्या फार्मसीच्या शिक्षणात मला हे सुचलं नसतं.

मौन सुटल्यावर दोघी दुकानात आल्या. आवाज बराच निवळला होता, पण वरचा सूर अजून लागत नव्हता. लग्नाला दहा दिवस. मी धीर द्यायला म्हणून बोललो, "मावशी, थोडी कडवी गाळा. हल्ली मांडवात डीजे असतो, कोणाला कळणार आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. लताने मान खाली घातली. मला वाटलं चिडल्या. त्या बाकावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तेच केलं भाऊ मी. दोन वरीस तेच केलं."

पंप सुरू होण्याआधीची ही गोष्ट. दम पुरत नव्हता, कडवं अर्ध्यात तुटायचं. मग त्या मधली कडवी गाळायला लागल्या. कुठे चार, कुठे सात. मागच्या बाया त्या म्हणतील तेच ओढायच्या, त्यांना पत्ता लागत नव्हता. "पन मला म्हाईत व्हतं ना. देवाला आवतान दिलं नि त्याचा पाटच नाय मांडला. अशी लग्नं लावली मी. ती पोरं नांदतात, पोरं-बालं झाली, नि मला वाटतं यांचं लगीन म्या अर्धं ठेवलंय. पंपानं दम दिला, वरीसभर पुरं गायली. नि मंग आवाज गेला. दम हाय तर आवाज नाय, आवाज पायजे तर दम जातोय. म्हनून बंद केला व्हता. नातीच्या लग्नात तरी आवाज पायजे."

"आवाजाचं आमाला काय करायचंय, आई?" लता म्हणाली. "हलद दलताना म्हनता तसं खालच्या आवाजात म्हना. पन पुरं म्हना."

कोणाला कळणार आहे, असं मी ज्या बाईला म्हटलं होतं तिला ते इतकी वर्षं कळत होतं. मी त्यांना चहा मागवला. आणि मला येत होतं तेवढं केलं. लग्नाच्या दिवशी पंप घरून निघायच्या आधी घ्यायचा, चूळ तिथेच. धाप लागली तर लगेचचा पंप लताच्या कमरेला. कोमट पाण्याची बाटली जवळ. मांडवात धुपाच्या धुरापासून लांब बसायचं.

लग्नाला मला बोलावणं होतं. मुरबाडच्या पुढे, मोठा मांडव, आणि डीजे होताच. धवळ्यांची वेळ झाली तरी तो थांबेना, तेव्हा हळद लागलेली नवरी स्वतः उठून गेली आणि त्याला बंद करायला लावलं. मथुराबाईंनी सुरुवात केली. आवाज जाडसर, खालचा. तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू जात नव्हता. मागच्या खुर्च्यांवरची माणसं बोलत होती, त्यांना कोणी गप्प केलं नाही. पण हळूहळू बाया पुढे सरकल्या, पोरांना मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या. पुरुषही जवळ येऊन उभे राहिले. एका जागी लता माझ्याकडे वळून म्हणाली, "हितनं म्होरची सात कडवी गालायच्या, आईच बोलल्या." आणि ती सातही आली, एकामागून एक, सावकाश. दोनदा बाई थांबल्या, पाण्याचा घोट घेतला, कोणी घाई केली नाही. कमरेचा पंप कमरेलाच राहिला.

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत कितीतरी माणसांना बरं वाटलं असेल माझ्या दुकानातून नेलेल्या औषधाने, पण ते मी कधी बसून ऐकलं नव्हतं.

त्यानंतर भाद्रपदात एक तरुण जोडपं बाळाच्या तापाचं औषध घ्यायला आलं. बोलता बोलता नवरा म्हणाला, "आमच्याकडं मथुराआजी आलती. दोघांना पाटावर बसवलं, म्हनली तुमच्या लग्नातली चार कडवी राहिलीत. मी बोललो, आजी, पोरगं झालं, आता काय राहिलं? तर बोलली, गप बस, नि पोराला मांडीवर घे." गाणं म्हणून, चहा पिऊन, साडीचोळी न घेता ती निघून गेली होती. बायको म्हणाली, "मला लग्नात कायच ऐकू आलं नव्हतं, गडबडीत. आता सगलं ऐकलं."

मग मला लताकडून कळलं. दोन वर्षांत जी लग्नं लावली त्या सगळ्या घरी मथुराबाई जाऊन येताहेत. रोज नाही, छाती बरी असेल त्या दिवशी. वही नसल्यामुळे कुठे काय गाळलं हे फक्त त्यांच्या डोक्यात, आणि ते चुकत नाही.

परवा त्या नवा पंप न्यायला आल्या. डोस आता कमी झालाय, आवाज पहिल्यासारखा नाही, पण लागतो. मी विचारलं, "किती घरं राहिली?"

"येकच व्हतं. आटगावचं. तितं जाववत नव्हतं."

"का?"

"दोगांचं पटत नाय. पोरगी सा म्हयने झाले माहेरी बसलीय. मी तिला सांगावा धाडला, का तुजं लगीन माज्याकडनं अर्धं राहिलंय, दोगं पाटावर बसल्याबिगर मला म्हनता येत नाय, चूक माजी हाय, तुजी नाय, येवढ्यासाठी ये."

"मग? आली?"

"आली."

भाचीनेही हातातलं काम थांबवलं होतं. "आणि मावशी, गाणं झाल्यावर परत गेली?"

मथुराबाईंनी पंप पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली. "बेस्तरवारी गायली," त्या म्हणाल्या. "आज मंगलवार. आजून तरी नाय गेली."